साठवणीचा रकाना

तिला सगळे नमुनेवाली म्हणत. परदेशी जाणाऱ्या शेंगदाण्यात बुरशीचं विष आहे की नाही हे प्रयोगशाळा सांगते. पण प्रयोगशाळेत कोणते दाणे जायचे, ते हिच्या हातात. पोत्यात खुपसायची पोकळ सळई, खांद्याला पिशवी आणि डोक्यात एकच गोदाम. अकरा वर्षं त्या गोदामाची पाळी तिच्यावर आली नव्हती. विहिरीच्या तळाशी दगड पडून राहावा तशी ती थांबली.

तिची आई तिथे दाणे निवडणाऱ्या बायकांची मुकादम होती. एकदा माल बंदरावरून परत आला. गेल्या सालचे कुबट दाणे मालकानेच नव्यात मिसळले होते. आळ मात्र आईवर. "हिचे डोळे फुटलेत," तो सगळ्या बायकांदेखत म्हणाला. हे विष डोळ्यांना दिसत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुढे एकाही गोदामाने आईला दारात उभं केलं नाही.

आज पाळी आली.

"या ताई! चहा सांगतो." मालकाने दारातल्या पोत्यांवर थाप मारली. "इथलेच घ्या. आत धूळ फार."

"धूळ खायचाच पगार आहे मला."

आत थप्पीमागची भिंत ओलीगच्च होती आणि पोती तिला टेकलेली. सगळे दाणे इथूनच काढले, तर त्याचं मातेरं ठरलेलं. पण सुडाला भोक नको. उद्या हा अपील करील आणि सुटेल. तिने नियमाप्रमाणे थराथरातून शंभर ठिकाणचे दाणे काढले, ना एक कमी ना एक जास्त. मग अर्जातल्या साठवणीच्या रकान्यात लिहिलं: छत गळतं. भिंतीला ओल. पोत्यांखाली फळ्या नाहीत. दोष मालकाचा, निवडणाऱ्यांचा नाही.

मालकाचं हसू मावळलं. "हे कशाला?"

"सही नाही तर नमुना नाही. नमुना नाही तर जहाज नाही. वाचून सही करायची असते. जरा मोठ्याने वाचा, मला कमी ऐकू येतं."

"माझ्याशी काय वाकडं आहे तुमचं, ताई?"

"इथे एक मुकादम होती. डोळे फुटलेली."

तो खरोखरच आठवू लागला. "कोणती? बायका काय, येतात नि जातात."

तोवर तिच्यात कुठेतरी दयेचा एखादा दाणा उरला असेल. तोही गेला.

कोपऱ्यात दाणे निवडणाऱ्या बारा जणींचे हात थांबले. तो वाचू लागला. 'मालकाचा'वर त्याचा आवाज चिरकला. तिने तेवढं पुन्हा वाचायला लावलं. मग त्याने सही केली.

घरी आई भाजी निवडत होती. "नापास झाला का माल?"

"निकाल आठ दिवसांनी. पण मी लिहिलेलं त्याने वाचलं, स्वतःच्या तोंडाने."

"बायकांसमोर?"

"बाराही जणींसमोर."

"हसली कुणी?"

"एक हसली."

"एकच?" आईने देठ खुडून टाकला. "मग निकाल सांगायलाही तूच जा."