पातळ चालते

दिवाळी झाल्यावरचा पहिला शनिवार, संध्याकाळचे साडेसात. रक्कम पाच हजार शंभर रुपये. हजर चौघं: मी, माझी बायको, तिची धाकटी बहीण आणि त्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू. जागा त्यांच्या धरमपेठेतल्या घराची गच्ची. पैज अशी की होळीपर्यंत मी पाच किलो वजन कमी करीन. केलं तर साडू मला पैसे देणार, नाही केलं तर मी साडूला. त्या सकाळी माझं वजन चौऱ्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम होतं. मला एकोणऐंशी सहाशेवर यायचं होतं.

पैज साडूची, पण अट बायकोची. दोनच दिवसांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं की साखर काठावर आहे. होळीपर्यंत वजन उतरवा, मग पुन्हा रक्त तपासू. तेव्हाही आकडा असाच राहिला तर गोळी सुरू करावी लागेल. डॉक्टर तिथंच थांबले. बायकोनं गच्चीवर सगळ्यांदेखत पुढचं सांगितलं.

"गोळी सुरू झाली का शनिवार बंद. मग इकडे यायचं ते जेवायले. बसायले नाही."

"अगं, एवढं काय," मी म्हणालो.

"एवढंच. बाकी मी काही मागून नाही राहिली."

आमचा शनिवार अकरा वर्षांचा आहे. साडूचं गांधीबागेत कापडाचं दुकान, माझं काम सदरमधल्या एका कार्यालयात हिशेब तपासण्याचं. आठवडाभर मी लोकांच्या चुका काढतो आणि लोक माझ्याशी जपून बोलतात. शनिवारी साडेसात ते साडेनऊ मात्र गच्चीवर मला कुणी काही तपासायला देत नाही. साडू गिऱ्हाइकांच्या नकला करतो, मी हसतो. मुलगी शिकायला पुण्याला गेल्यापासून घरात तेवढं हसणं होत नाही. म्हणून पाच हजार शंभर गेले असते तरी मला फारसं वाटलं नसतं. शनिवार गेला असता तर वाटलं असतं.

मी कामाला पद्धतशीर लागलो. एक वही केली. तारीख, वेळ, काय खाल्लं, किती. दुपारची एक पोळी कमी, रात्रीची एक कमी. चहातली साखर बंद. दोन कप, कपाला दोन चमचे, म्हणजे रोजचे चार चमचे वाचले. ऑफिसजवळचे तर्री-पोहे बंद. शनिवारचा चकणा, म्हणजे तळलेले शेंगदाणे, चिवडा, कधी सुकं मटण, तोही बंद. माझ्या मोजणीप्रमाणे रोजच्या तीनशे कॅलरी कमी झाल्या होत्या, आठवड्याच्या एकवीसशे. रोजचा हा आकडा मी दोनदा तपासला होता. तो बरोबर होता.

साडूनंही मदत केली. पैज माझ्याविरुद्ध लावून तो मदत करत होता, हे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे. पहिल्याच शनिवारी त्यानं माझा ग्लास बदलला. तोवर मी व्हिस्की घ्यायचो, साध्या पाण्यात, दोन पेग.

"भाऊ, हे जड आहे," तो म्हणाला. "रंग पाहा ना. पांढरी घेत जा तुम्ही. संत्र्यात. हलकी राहते."

त्यानं व्होडका ओतली, त्यावर संत्र्याचं स्क्वॅश आणि वरून लिंबाचं गोड पेय, फसफसतं. ग्लास सुंदर दिसत होता. चव तर औषधापेक्षा फारच बरी. चकणा नसल्यामुळे पोट रिकामं असायचं, म्हणून दोनाचे तीन ग्लास झाले. ते मला रास्त वाटलं. निघताना त्यानं स्क्वॅशच्या दोन बाटल्याही दिल्या. "घरी दारू न टाकता घेत जा. संत्रंच आहे, आपल्या गावचं. भूक मरते."

भूक मरत होती, हे खरं; त्या बाटल्या संपल्या की मी तशाच आणत गेलो. रोज संध्याकाळी सहाला, पोह्यांच्या वेळेला, मी स्क्वॅश आणि तसलंच लिंबाचं पेय मिसळून एक ग्लास करून घ्यायचो आणि पोहे न खाल्ल्याबद्दल स्वतःवर खूश व्हायचो. वहीत त्या वेळेसमोर लिहिलेलं असायचं: काही खाल्लं नाही.

रविवारी सकाळी, काही न खाता, त्याच लुंगीवर, त्याच फरशीवर काटा ठेवून मी वजन करायचो. पहिला रविवार चौऱ्याऐंशी पाचशे. दुसरा चौऱ्याऐंशी सहाशे. सहाव्या रविवारी चौऱ्याऐंशी तीनशे. सहा आठवड्यांत तीनशे ग्रॅम. मी काटा बदलून पाहिला, शेजाऱ्यांचा आणला. तोही तेच बोलला.

बायकोनं वही हातात घेतली, पानं उलटली आणि चष्मा काढला.

"खरं सांगा. कुठं खाऊन राहिले तुम्ही?"

"कुठंच नाही. सगळं लिहिलं आहे."

"सदरमधी कचोरीची नवी गाडी लागली म्हणे."

"मी तिकडे पाहिलंही नाही."

"मंग हवा खाऊन लठ्ठ होऊन राहिले का तुम्ही?"

तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या वहीवर कुणी शंका घेतली नव्हती. मी रागावलो नाही, पण त्या रात्री पोळ्या दोनच घेतल्या आणि एक परत ठेवली. ती मुद्दाम पाहत होती, हे मला दिसत होतं. मनात मात्र होळीपर्यंतचे आठवडे मोजून झाले होते. याच गतीनं गेलो तर एक किलोही उतरणार नव्हतो.

त्याच आठवड्यात संकष्टी आली. बायकोचा उपास. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. संध्याकाळी सहाला मी माझा ग्लास करत होतो, तेव्हा तिनं शेजारच्या ओट्यावर लिंबाचं सरबत केलं आणि घटाघट प्यायली. चांगला मोठा तांब्या.

"उपास मोडत नाही का?" मी सहज विचारलं.

"नाही ना. पातळ चालते."

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलोय. आईसुद्धा हेच म्हणायची. आमच्या घरात उपासाचा नियमच तो: चावलं तर मोडला, प्यालं तर नाही. चहा चालतो, ताक चालतं, सरबत चालतं. आणि माझ्या हातात ग्लास होता, समोर वही उघडी होती, आणि वहीत रकाना होता 'काय खाल्लं'. 'काय प्यालं' असा रकानाच नव्हता. सहा आठवडे मी वजन कमी करण्याचं पथ्य पाळत नव्हतो. मी उपास करत होतो.

मी स्क्वॅशची बाटली फिरवली. मागच्या बाजूला, अगदी बारीक अक्षरात, शंभर मिलिलिटरला साखर अठ्ठेचाळीस ग्रॅम. फसफसत्या पेयाच्या बाटलीवर शंभराला अकरा. आता मला फक्त एकच आकडा हवा होता: ग्लासात किती जातं. घरचं मी मोजू शकत होतो. साडूचं मोजायला त्याच्याच हातून ओतवून घ्यावं लागणार होतं.

मिलिलिटरच्या खात्रीच्या खुणा असलेलं स्वस्त भांडं कुठलं, तर बाळाची दुधाची बाटली. औषधाच्या दुकानातून घेतली. शनिवारी गच्चीवर पिशवीतून ती काढून टेबलावर ठेवली.

साडू पाहतच राहिला. मग हात जोडून म्हणाला, "बाप्पा! भाऊ, पेढे कधी देता?"

मेव्हणी पदर तोंडाला लावून हसायला लागली. बायको म्हणाली, "हसू नको वं, ते खरंच मोजून राहिले."

"रोजच्यासारखं ओता," मी साडूला म्हणालो. "फक्त आधी यात."

"काहून? दवाखाना उघडला का गच्चीवर?"

"ओता तर."

त्यानं ओतलं. कापडवाल्याचा हात. दुकानात तो मीटर मोजतो आणि कात्री लावताना चार बोटं पुढे सरकतो. त्याचं गिऱ्हाईक पिढ्यान् पिढ्या टिकलंय ते त्यावरच. व्होडका साठच्या रेषेवर थांबायला हवी होती, ती ऐंशीवर थांबली. ती मी ग्लासात रिकामी केली. स्क्वॅश पंच्याहत्तर. लिंबाचं पेय दोनशे.

"हा एक पेग?" मी विचारलं.

"एकच ना. पाहुण्याले मोजून कसं द्यायचं?"

मी तिथंच कागदावर मांडलं. स्क्वॅशमधून छत्तीस ग्रॅम साखर, पेयातून बावीस. एका ग्लासात अठ्ठावन्न ग्रॅम. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर साडेअकरा चमचे. म्हणजे चहातली साखर मी तीन दिवस सोडत होतो आणि एका ग्लासात परत घेत होतो. साखरेच्या ग्रॅमला चार कॅलरी. शनिवारच्या तीन ग्लासांच्या जवळजवळ सातशे. घरचा माझा ग्लास जरा कमी, दोनशेचा. सहा दिवसांचे बाराशे. बेरीज एकोणीसशे. वाचवल्या होत्या एकवीसशे. दारूच्या कॅलरी निराळ्या, आणि त्यातही ती वरची चार बोटं.

"म्हणजे मी तुमचं वजन वाढवून राहिलो?" साडूचा चेहरा उतरला. "मी तर संत्रं समजून देत होतो गा."

"मीही संत्रंच समजून पीत होतो."

मेव्हणीनं स्क्वॅशची बाटली फिरवून नाकाजवळ धरली. "भाऊजी, यात संत्र्याचा रस किती लिहिला आहे पाहिलं का? चमचाभर बी नसंन. संत्र्याच्या गावात राहून आपण साखरेचं पाणी पिऊन राहिलो."

घरी आल्यावर बायकोनं माझी वही घेतली, पट्टीनं एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं: प्यालं. कचोरीच्या गाडीचं नाव पुन्हा निघालं नाही. माफी मागणं तिच्या स्वभावात नाही आणि मला त्याची गरजही वाटली नाही. नवा रकाना पुरे होता.

त्यानंतरचं काम सोपं होतं, कारण आता आकडे पुरे होते. स्क्वॅश बंद. संध्याकाळी सहाला ताक, मीठ-जिरं घालून. शनिवारी दोन पेग, तीसचे, साध्या सोड्यात, वर लिंबू पिळून. ओतायचं मी. साडूला ते पहिले दोन शनिवार बघवलं नाही. तो तोंड फिरवून बसायचा. मी शेंगदाणे पुन्हा सुरू केले, भाजलेले, मूठभर, मोजून. रोज पाऊण तास चालायला लागलो. वजन उतरायला लागलं. आठवड्याला चारशे ग्रॅमच्या आसपास. माझी मांडणी बरोबर आहे हे दुसऱ्याच रविवारी कळलं होतं. पुढचे रविवार मी फक्त नोंद करत होतो.

एकच अडचण होती. सहा आठवडे वाया गेले होते, आणि ते परत मिळणार नव्हते.

होळीआधीच्या शनिवारी दुपारी रक्ताचा रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"चांगलं आहे. गोळी नको सध्या. हेच चालू ठेवा. सहा महिन्यांनी या."

"थोडी घेतली तर चालते का डॉक्टर?" हे मी नाही, बायकोनं विचारलं.

"न घेतलेली उत्तम. घेतलीच तर थोडी, आणि गोड काही मिसळून नको."

"नाही मिसळत ते," ती म्हणाली.

घरी गेटशी स्कूटरवरून उतरताना ती म्हणाली, "साडेसातले तिथं पोचायचं असंन तर सातलेच निघा लागीन. रस्ते खोदून ठेवले आहेत."

काटा मी माझाच नेला. गच्चीवरची फरशी उतरती आहे, म्हणून हॉलमध्ये ठेवला. साडू वाकून आकडा पाहायला बसला.

"चप्पल काढा. पाकीट काढा. घड्याळ काढा ना भाऊ, स्टीलचं आहे."

सगळं काढलं. एकोणऐंशी किलो नऊशे.

"भाऊजी, एक पाय उचला ना जरा," मेव्हणी म्हणाली.

"उचलला तरी तेवढंच दाखवतो तो."

"चार किलो सातशे," साडू उभा राहिला. "म्हणजे पाचच. तीनशे ग्रॅमचं काय एवढं? मीच देतो तुम्हाले पैसे. तुम्ही जिंकले."

"पैज पाचाची होती."

"अन् माझ्याच हातानं सहा आठवडे गेले तुमचे, ते?"

"ग्लास मी प्यालो. बाटलीच्या मागं लिहिलं होतं, मी वाचलं नाही."

तो बायकोकडे वळला. "ताई, सांगा ना यांले काहीतरी."

"ते नाही ऐकत," बायको म्हणाली. "घेऊन टाका तुम्ही. अन् चला वर, बर्फ वितळून राहिला."

मी पाकीट उघडलं. पाचशेच्या दहा नोटा आणि शंभराची एक, एकूण पाच हजार शंभर रुपये, दोघी बहिणींसमोर साडूच्या हातात दिले.