संध्याकाळी विसरणारा संगणक

मी फार दमलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढच्या चिडचिडीचा अर्थ लागेल.

गेल्या वर्षी बाबा बावखलाच्या काठावर चक्कर येऊन पडले. बावखल म्हणजे आमच्या वटार गावाकडचं वाडीतलं तळं. त्याच्याच पाण्यावर आमची केळी आणि सोनचाफा जगतात. शेजाऱ्यांनी पाहिलं म्हणून निभावलं. मी तेव्हा सातिवलीच्या गोदामात मालाच्या नोंदी करत बसलो होतो. घरात आम्ही दोघंच, म्हणून मालकांकडे घरून काम करायची परवानगी मागितली. त्यांनी माळ्यावर धूळ खात पडलेला एक संगणक मला रिक्षात घालून न्यायला लावला आणि म्हणाले, "बघू थोडे दिवस. सकाळच्या नोंदी वेळेवर आल्या तर ठीक, नाहीतर परत इकडे." मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं!

आमचा नोंदींचा प्रोग्राम इतका जुना की नव्या विंडोजवर तो उघडतच नाही. त्यासाठी संगणकाच्या आत आणखी एक लुटूपुटूचा संगणक चालवावा लागतो, त्यात जुनी विंडोज, आणि त्या विंडोजमध्ये आमचा प्रोग्राम. याला म्हणतात व्हर्च्युअलायझेशन. त्याची परवानगी बायोसमध्ये द्यायची, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी एक बटण दाबत राहिलं की जो निळा पडदा येतो, तिथे. ऑफिसचे संगणक सांभाळणाऱ्या बाईंनी फोनवर सगळं सांगितलं. "एकदम सिंपल आहे. इनेबल करा, सेव्ह करा, झालं."

झालं खरंच. काम सुरू झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आतला संगणक उघडेना. परवानगी पुन्हा बंद.

"काल तर आपण ऑन केलं होतं ना?" बाई म्हणाल्या.

"केलं होतं."

"मग सेव्ह नसेल झालं."

रोज सकाळी हेच. सेव्ह करताना मी पडद्याचा फोटो काढून त्यांना पाठवू लागलो. त्यांनी विंडोज नव्याने टाकायला सांगितली, टाकली. आतला संगणक पुसून पुन्हा उभा केला. सकाळी पहिले पाढे पंचावन्न. बाई वैतागल्या, मी त्यांच्यावर वैतागलो, बाबा चहाचा कप ठेवून गुपचूप निघून जायचे. कित्येकदा वाटलं, हा डबा उचलून बावखलात टाकावा.

एकदा सकाळी इंटरनेट उशिरा लागलं आणि घाईत मी संगणकाच्या तारखेकडे पाहिलंच नाही. ती कित्येक वर्षं मागे गेली होती. एरवी इंटरनेट लागलं की ती आपोआप दुरुस्त व्हायची, म्हणून मी ते कधी कुणाला बोललोही नव्हतो. त्या दिवशीचा सगळा माल जुन्या सालात नोंदला गेला आणि गोदामाच्या फाटकावर ट्रक अडकून राहिला. मालकांचा फोन आला. ओरडले नाहीत, तेच वाईट. "पुन्हा झालं तर सोमवारपासून इथे येऊन बसा," एवढंच म्हणाले. मी बाबांकडे पाहिलं. ते अंगणात बसून चाफ्याच्या कळ्या निवडत होते.

मग बाबा एका साखरपुड्याला गेले आणि तिथेच मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक मुकाट सुरू झाला. परवानगी जागेवर, तारीखही बरोबर. मी बघतच बसलो. आदल्या दिवशी घरात काय घडलं नव्हतं? आणि लख्ख कळलं. कुणी मेन बंद केला नव्हता.

आमच्या घरात रोज संध्याकाळी वाडीला पाणी देऊन झालं की बाबा अख्ख्या घराचा मेन पाडतात. अंधारातच पाइप गुंडाळतात, पाय धुतात, देवापुढे दिवा लावतात आणि मग मेन चढवतात. माझा संगणक त्याआधीच बंद झालेला असतो, त्यामुळे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. मी लहान असताना आईला पंपाच्या वायरीचा शॉक बसला. तिने बावखलावरून ओरडून विचारलं होतं, "बंद केलं?" बाबांनी घरातून उत्तर दिलं होतं, "केलं." आणि पंपाचं बटण त्यांनी खरंच बंद केलं होतं. तरी वायरीत करंट राहिला होता. आई गेली. तेव्हापासून त्यांचा कुठल्याच बटणावर विश्वास नाही. आमच्या घरात यावर कुणी बोलत नाही.

बाबा परत आल्यावर मी म्हणालो, "बाबा, थोडे दिवस मेन बंद करू नका. माझं काम अडतं."

ते म्हणाले, "बरं."

संगणक शहाण्यासारखा चालू लागला. मालक खूश, बाई खूश. मी कितीतरी दिवसांनी स्वस्थ जेवलो. मग एका संध्याकाळी सहज खिडकीतून पाहिलं, तर बाबा बावखलाच्या काठावर वाकून बादली भरत होते. जिथे पडले होते, अगदी तिथेच. भरलेली बादली दोन्ही हातांनी ओढत ते चाफ्यापर्यंत गेले आणि पुन्हा परत फिरले.

मी धावत गेलो. "पंप का नाही लावला?"

"लावला तर पाइप उचलावा लागतो. मेन चालू असताना मी त्याला हात लावत नाही," ते म्हणाले. "तुझं काम अडायला नको."

मी त्यांच्या हातातली बादली घेतली. ज्यांच्यासाठी मी घरी राहिलो होतो, त्यांनाच मी पुन्हा त्या काठावर नेऊन उभं केलं होतं.

सकाळी बाईंना फोन करून पहिल्यांदा सगळं सांगितलं. मेन बंद झाला की संगणक विसरतो, तारीखसुद्धा मागे जाते. "अहो, हे आधी सांगायचं ना!" त्या म्हणाल्या. "आतला सेल संपलाय." वीज नसताना ही सगळी आठवण एका चपट्या गोल सेलवर टिकते म्हणे. मला राग आला, पण कुणावर काढावा तेच कळेना. नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडे तसला सेल मिळाला. तो बसवला, सेटिंग केलं, तासभर प्लग काढून ठेवला आणि पुन्हा सुरू करून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं.

संध्याकाळी बाबांना पंप लावायला सांगितला. पाणी देऊन झाल्यावर म्हणालो, "तुम्ही पाइपाकडे जा. आज मेन मी पाडतो."

"आणि काम?"

"आता नाही अडणार."

ते बावखलाकडे गेले. मी दांडा खाली ओढला. फ्रीज गप्प झाला, घर अंधारलं.

बाहेरून आवाज आला, "बंद केलंस?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कुणालाही विचारलं नव्हतं. मी दांडा हाताने पुन्हा चाचपून पाहिला.

"केलं, बाबा," मी ओरडलो, आणि पाइप ओढल्याचा आवाज येईपर्यंत तिथून हात काढला नाही.