वाचून दाखवले, कबूल आहे

वऱ्हाडात माझ्या जठारपेठेतल्या घरमालकांइतका कटकट्या माणूस दुसरा झाला नसेल, आणि झाला असेल तर त्याच्याकडे बिऱ्हाड करायची माझ्यात ताकद नाही. ते कचेरीबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत. भाडेचिठ्ठीवर सही करायला मी टाक उचलला, तर त्यांनी माझा हात धरला आणि ती चिठ्ठी मला तीनदा मोठ्यानं वाचून दाखवली. मी म्हटलं, "अहो, मी शाळामास्तर आहे, मला वाचता येतं." तर म्हणाले, "येत असंन. पन वाचलं काय तुमी?" वाचलं नव्हतं, हे खरंच. लग्नपत्रिका आली तरी आणणाऱ्याला उभं करून तीनदा वाचायचे. तिसऱ्या खेपेस तो बिचारा मुहूर्त स्वतःच पाठ म्हणायचा.

भेटलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघायची त्यांना सवयच नव्हती. आधी दोन्ही हात पुढे करायला लावायचे, बोटं मोजायचे, मग खुशाली. माझ्या सासऱ्यांचीही त्यांनी ओसरीवर बोटं मोजली. सासरे महिनाभर माझ्याशी जपून बोलत होते. संध्याकाळी कापसाच्या जिनाचा भोंगा झाला की हे फाटकाशी हजर. सुटलेल्या मजुरांना नुकसानभरपाईचा नवा कायदा वाचून दाखवायचे. कामावर बोट गेलं तर मालकानं भरपाई द्यायची, हात गेला तर जास्त, अर्ज मुदतीत करायचा. दमलेली माणसं अंगावरचा कापूस झटकत निघून जायची. रोज शेवटपर्यंत बसायचा तो एकटा गंगाराम. त्याला डावा हात नव्हता.

त्याची हकीकत साऱ्या पेठेला माहीत होती. हात गेला तो रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात. जखम भरल्यावर जिनाच्या मुनीमानं 'फाटकावरच्या नोकरीचा कागद' म्हणून त्याचा अंगठा घेतला. कागदात होतं, की हात घरी कडबा कापताना गेला. नोकरी दोन महिन्यांत सुटली. मग भरपाईचा अर्ज केला, तर साहेबापुढं तोच कागद आला आणि दावा बुडाला. एका हाताच्या माणसाला कुणी कामावर ठेवीना. बायको लोकांच्या शेतात राबायची. तो कागद कुणी लिहिला होता, ते गंगारामनं कधीच कुणाला सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात घरमालक अंथरुणाला खिळले. एका दुपारी त्यांनी गंगारामला बोलावलं आणि उशीखालून एक कागद काढला.

"अंगठा दे."

गंगारामनं हात मागं घेतला. "आंदी वाचून दाखवा, काकाजी. तुमीच शिकवलं."

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. पण दुसऱ्याच ओळीला आवाज बसला, म्हणून कागद मी घेतला. लिहिलं होतं: 'मुनीमानं सांगितलेला मजकूर मीच लिहिला. डावा अंगठा मागितला तर हातच नव्हता, तरी कसा गेला ते विचारलं नाही. खाली "वाचून दाखवले, कबूल आहे" ही ओळ सवयीनं घातली. वाचून दाखवलं नव्हतं. साहेबापुढं गंगाराम तेच सांगत होता, आणि परवाना जाईल म्हणून मी गप्प बसलो. माझी मागची खोली त्यानं घ्यावी.'

गंगाराम म्हणाला, "यात नवं काय? मी तं तिथंच होतो."

"मग रोज त्यांचा कायदा ऐकायला कशाला बसत होतास?"

"कोनी तं ऐकाले पायजे ना, मास्तर. नाई तं हे कवाचेच मेले असते."

मी कागद आणखी दोनदा वाचला. घरमालकांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. गंगारामनं उजवा अंगठा उठवला आणि खालची ओळ मी माझ्या हातानं लिहिली.

आठ दिवसांनी ते गेले. पुढं माझी अमरावतीला बदली झाली. तिथल्या घरमालकानं भाडेचिठ्ठी मुकाट्यानं पुढं सरकवली. मी म्हटलं, "वाचून दाखवा." तो हसायला लागला. मला त्या कटकट्या माणसाची इतकी आठवण आली, की टाक हातात धरवेना.