कूलरमागचा राउटर

मामा गेल्याचा फोन त्यांच्या शेजारच्या भोयरकाकांनी केला. "दिवाकर गेला रे... चहा पेला, पेपर मांडीवर ठेवला, अन् गेला." नागपूरहून सेलूला पोचेपर्यंत मी दोनदा रडलो आणि, खोटं कशाला सांगू, एकदा हसलोही. हा निरोप भोयरकाकांनी द्यावा इतकी त्या दोघांची दोस्ती शेवटपर्यंत टिकली, याचंच बरं वाटलं. कारण ती मी जवळजवळ मोडली होती.

मामा शाळामास्तर म्हणून रिटायर झाले. मुलगी बंगळुरूला. नातीशी व्हिडिओवर बोलता यावं म्हणून वायफाय घ्यायचं ठरलं, आणि घरातला 'कम्प्युटरवाला' म्हणून मला बोलावणं आलं. थंडीचे दिवस होते. बैठकीच्या खिडकीशेजारी एक फळी होती, वायर तिथपर्यंत पोचत होती, तिथेच राउटर ठेवून मी मोकळा झालो. मामांनी पासवर्ड पाठ केला आणि लगेच कुंपणापलीकडे ओरडून भोयरकाकांना सांगितला.

"मामा, पासवर्ड असा वाटत नसतात."

"काऊन? त्याच्या घरची चावी तीस वर्षांपासून आपल्या खुंटीले हाय."

एप्रिलमध्ये तक्रारी सुरू झाल्या. आतल्या खोलीत नातीचा चेहरा मधेच थिजायचा, आवाज तुटायचा. मी ऑफिसच्या कामात. बंद करून चालू करा, एवढंच सांगत राहिलो. पाचव्यांदा फोन आला तेव्हा वैतागून बोलून गेलो, "शेजारी कोणी वापरत असेल. तुम्हीच तर पासवर्ड वाटला!" "भोयर?" एवढंच विचारून मामांनी फोन ठेवला. त्या प्रश्नाकडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

मे महिन्यात गेलो, तर कुंपणापाशी बसून भोयरकाकांबरोबर घ्यायचा संध्याकाळचा चहा मामा ओसरीत एकटेच पीत होते. बैठकीत पाऊल टाकलं आणि मला घाम फुटला. त्या फळीच्या अगदी समोर छातीएवढा पत्र्याचा कूलर, टाकी काठोकाठ भरलेली. पत्रा आणि पाणी, दोन्ही सिग्नल अडवतात. उन्हाळ्यात कूलर निघणार, हे सेलूत लहानाचा मोठा झालेल्या मला थंडीत सुचलं नव्हतं! मी मुकाट्यानं राउटर दारावरच्या फळीवर हलवला. वर काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून पासवर्डही बदलला. नात स्वच्छ दिसायला लागली.

"पाह्यलं?" मामा म्हणाले. "पासवर्ड बदलला अन् नेट धावलं. भोयरच होता."

मी... होकारार्थी मान हलवली.

ते मान हलवणं मला दिवाळीपर्यंत डाचत राहिलं. शेवटी फराळाचा डबा घेऊन गेलो आणि सगळं सांगून टाकलं. मामा चिवडा खाता खाता ऐकत होते. मला वाटलं, आता हाकलतील. ते इतके हसले की ठसका लागला. "म्हंजे मी सहा महिने एका कूलरपायी दोस्ताशी बोललो नाई?" मग चेहरा उतरला. माझं मनगट धरून उठले. "चाल. चूक तुयी, अबोला माया. दोघंही जाऊ."

भोयरकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि खिशातून फोन काढून मामांच्या नाकासमोर धरला. "अबे मास्तर, माया फोन बटनाचा हाय! चोरलेलं नेट का चुलीत घालू?"

"मंग तू बोलला काऊन नाई?"

"तू इचारलं काऊन नाई?"

काकूंनी चहा टाकला. मामांनी तिथे तीन कप घेतले. मला मात्र एकही घोट गोड लागला नाही... ते सहा महिने माझ्यामुळे गेले होते.

तेरवीनंतर बंगळुरूला परतलेल्या नातीला व्हिडिओ लावायचा होता. माझा फोन काही जोडला जाईना. मामी म्हणाल्या, "मास्तरांनी पासवर्ड बदलला होता. मले नाई माहीत बा, भोयरभाऊजीले विचार." मी गेलो. काकांनी माझा फोन घेतला, माझ्याकडे पाठ केली आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधून दाबू लागले.

"सांगा ना काका, मी टाकतो."

"नाई. मास्तरची ऑर्डर हाय. पासवर्ड भोयरनं ठेवाचा, अन् तुले सांगाचा नाई. तुले लागला तं इथं येजो, चहा पेजो, मंग मी टाकून देईन."

एकदा टाकलेला पासवर्ड फोन लक्षात ठेवतो, हे भोयरकाकांना ठाऊक नाही. मी सांगितलेलंही नाही. त्यानंतर दोनदा सेलूला जाऊन आलो. निघताना दोन्ही वेळा ती जोडणी फोनमधून पुसून टाकली, म्हणजे पुढच्या खेपेला आधी त्यांच्याच फाटकातून आत जावं लागेल.