उंबरठ्याची खालची कड

शनिवार, ९ मे. काम: बाथरूमच्या उंबरठ्यावरच्या नव्या लादीची कड घासणे.

मुलुंडच्या आमच्या घरी गवंडी आदल्या दिवशी लादी बसवून गेला होता. बसली नीट, पण मशीनने कापलेली कड पात्यासारखी. रविवारी सासूबाई हॉस्पिटलमधून घरी येणार होत्या. त्यांना मधुमेह, अंगठ्याची जखम कशीबशी भरली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा कापलं तर अंगठा काढावा लागेल. आणि सासूबाई घरात चप्पल घालत नाहीत. बाथरूमची वाट देवघरावरून जाते, विषय संपला.

गवंडी फोन उचलेना. मी सुरीला धार लावायचा दगड भिजवला आणि खाली बसले.

"टेप लाव ना यार," नवरा म्हणाला.

"ओली झाली की सुटते. तुझ्या आईचा पाय आहे, खोका नाही."

दगड एकाच दिशेने ओढायचा, मागेपुढे केला की टवका उडतो. मग ओला पॉलिश पेपर. बोट फिरवून तपासायला गेले आणि रक्त काढलं. तेव्हा देवघरातला वातींचा कापूस घेऊन कडेवरून ओढला. तंतू अडकला तिथे पुन्हा घासलं. शेवटी कापूस सरळ निघाला.

"देवाचा कापूस बाथरूमला? सांगू आईला?"

"सांग. मग स्वयंपाकही तूच कर."

तो हसत, आईची नक्कल करत बाथरूममध्ये निघाला. सासूबाईंना कमी दिसतं, आणि उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही. म्हणून त्या अंगठा पुढे सरकवतात, उंबरठा लागला की पाय तसाच वर उचलतात. त्याने तसाच पाय उचलला आणि तो ओरडला. नखावर पांढरा ओरखडा.

मी वाकून पाहिलं. लादी उंबरठ्याबाहेर जराशी आलेली. मी वरची कड घासली होती. अंगठ्याला लागत होती खालची.

"सोमवारी आणू तिला," तो म्हणाला. आता हसत नव्हता.

"हॉस्पिटलचा बेड उद्या सोडायचाय. मोबाइलचा टॉर्च धर."

फरशीवर आडवी होऊन मी दगड खालून लावला. पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. कापूस अडकत राहिला. नंतर अडकायचा थांबला, पण त्या उजेडावर माझा विश्वास नव्हता.

सकाळी खिडकी उघडून पुन्हा कापूस ओढला. मग चप्पल काढली, डोळे मिटले, अंगठा सरकवला आणि पाय वर उचलला. काही लागलं नाही. देवघरात नवा कापूस ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं, "जा, घेऊन ये."