तपासायचं राहिलेलं गणित

“ताई, मित्रा गेली,” मित्राचे मिस्टर, आमचे भाऊजी, फोनवर म्हणाले, आणि मी म्हटलं, “हो, कुंभार पिंपळगावकडं गेलीय ना? सकाळीच बोललो आम्ही.” पलीकडून काहीच आवाज नाही. मंठ्याच्या माझ्या शाळेत मधली सुट्टी चालू होती, पोरं खिचडीच्या ताटल्या धूत होती. त्या गोंगाटात ऐकू गेलं नसेल असं वाटून मी तेच पुन्हा मोठ्यानं म्हटलं. मग ते म्हणाले, “तसं न्हाई ताई... गेली. शाळेतच. दवाखान्यात नेईपर्यंत काही राह्यलं न्हाई.” मी फोन ठेवला, चौथीच्या वर्गात गेले आणि फळ्यावरची तारीख पुसली... का पुसली ते आजही सांगता येत नाही.

संघमित्रा, म्हणजे आमची मित्रा. जालन्याला डी.एड. करताना आम्ही एका खोलीत राहायचो. मी वर्गावरच राहिले, ती पुढं गणिताची साधनव्यक्ती झाली. म्हणजे एका वर्गाची नाही, अख्ख्या तालुक्याची बाई. तिसरीच्या लेकराला हातच्याची वजाबाकी येते का, पाचवीच्याला भागाकार जमतो का, मागच्या वर्षी ते कुठं होतं आणि यंदा कुठवर आलं, हे शाळोशाळी जाऊन पाहायचं आणि वर कळवायचं. सगळ्या तालुक्यांचं असं कळलं की जिल्ह्यातल्या पोरांचं गणित कुठं उभं आहे ते समजतं. मनात आणलं तर हे काम दिवसात चार शाळा उरकून करता येतं. मित्राला एका शाळेला दिवस पुरायचा नाही. एकेका लेकराजवळ मांडी घालून बसायची आणि ते बोटं मोजत असलं तर त्याची बोटं संपेपर्यंत गप्प राहायची. एकदा सुट्टीच्या दिवशी माझ्याकडं आली नि हट्टानं माझ्या वर्गातल्या पोरींना बोलावून घेतलं. दुपारी मला म्हणाली, “पाढे झकास म्हणतात गं तुझ्या पोरी. पण वाटून दे म्हटलं की बावरतात. चिंचोके हायेत का?” मग ऊन उतरेपर्यंत आम्ही सगळ्याजणी ओट्यावर चिंचोके वाटत बसलो. उरलेला एक चिंचोका कुणाला द्यायचा यावरून पोरींची भांडणं लागली, आणि ही बया टाळ्या वाजवत, “हीच बाकी! हीच बाकी!” म्हणून ओरडत होती.

तिला लोकांनी डोक्यावर घेतलं होतं असं मात्र समजू नका. मागं एका वर्षी तिनं तालुक्यातल्या पोरांना एकेकटं बसवून पुन्हा पाहिलं आणि तिच्या तालुक्याचे आकडे धाडकन खाली आले. जालन्याच्या आढावा बैठकीत मीही माझ्या केंद्राकडून गेले होते. साहेबांनी तिला उभं केलं. “बाकीचे तालुके वर चाललेत, तुमचाच कसा काय घसरला?” मित्रा म्हणाली, “साहेब, घसरला न्हाई. वर गेलाच नव्हता. पोरं एका सुरात उत्तर द्यायची आणि आपण ते सगळ्यांच्या नावावर लिहायचो.” बैठक संपल्यावर तिच्याच तालुक्यातले मुख्याध्यापक तिच्या शेजारून निघून गेले, चहाला या असंसुद्धा कुणी म्हटलं नाही. बसस्टँडवर ती माझ्यासोबत गाडीची वाट पाहत उभी राहिली. मग म्हणाली, “मला कुणाची इज्जत घालवायची न्हाई गं. पण येत न्हाई त्याच्या नावापुढं ‘येतं’ लिहिलं, तर मंग त्याला शिकवणार कोण?”

ते वर्ष तिला फार जड गेलं. पण ती शाळांत जात राहिली, आणि हळूहळू तेच मुख्याध्यापक फोन करून “मॅडम, एकदा आमच्याकडं बसा” म्हणायला लागले. साहेबांनीही पुढं बाकीच्या तालुक्यांना पोरं एकेकटी पाहायला लावली. यंदाची पाहणी जवळजवळ संपली होती. त्या सकाळी फोनवर तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. “अगं, जी पोरं वजाबाकीत अडकल्ती ना, ती भागाकार करून राह्यलीत! आज एक वस्तीवरची शाळा, ती झाली की मोकळी. रविवारी ये अंबडला. शेंगा आल्यात शेवग्याला.” बीपी नाही, शुगर नाही. आमच्यात सगळ्यात सडसडीत तीच. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली शीर फुटली. एवढं सोपं असतं का हे? सकाळी शेंगांचं बोलायचं आणि दुपारी नसायचं? तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला अंबडच्या त्यांच्या अंगणात माणसं मावत नव्हती, जिल्हाभरातून शिक्षक आले होते. मी ती गर्दी पाहत होते आणि मनात येत होतं, हे मित्राला फोन करून सांगायला पाहिजे... कोण कोण आलंय बघ म्हणून.

त्या वस्तीवरच्या शाळेची पाहणी अर्धी राहिली होती. ती मी साहेबांकडून मागून घेतली आणि काही आठवड्यांनी तिथं गेले. दोनशिक्षकी शाळा, पुढं पडवी. तिथले सर तरुण आहेत. मित्रा पडवीतल्या भिंतीला टेकली तेव्हा त्यांना वाटलं, मॅडमला डुलकी लागली. हे सांगताना अजून त्यांचे डोळे भरून येतात. मग हळूच म्हणाले, “बाई, तिसरीतली एक पोरगी हाय, कावेरी. त्या दिवसापासून गणिताला पाटीच काढत न्हाई. घरी म्हणती, शाळेत जायचं न्हाई.”

मी कावेरीला घेऊन पडवीत बसले. “तू मित्रा मॅडमजवळ बसल्तीस ना?” तिनं मान हलवली. मग कसंबसं ऐकू येईल असं तिनं विचारलं, “माझं चुकल्तं का?”

“काय चुकल्तं गं?”

“मी पाटी दाखवली. त्या काहीच बोलल्या न्हाईत. मंग पडल्या.”

आम्ही सगळे मित्रासाठी रडत होतो, आणि इथं एक लेकरू इतके आठवडे असा जीव मुठीत धरून बसलं होतं. आपल्या चुकीनं मॅडम मेल्या! कुणी तिला विचारलंच नव्हतं.

“कोणतं गणित होतं?”

“बेचाळीसातून सतरा.”

“मला दाखव करून.”

तिनं पाटी काढली. चाराला काट मारून वर तीन लिहिले, दोनाचे बारा केले. सावकाश, ओठ हलवत. खाली पंचवीस लिहून पाटी माझ्याकडं सरकवली आणि तोंड फिरवून बसली.

“बराबर हाय,” मी म्हटलं. “बिलकुल बराबर.”

“तव्हा पण हेच लिहिल्तं.”

“मंग तव्हा पण बराबरच होतं. मॅडमच्या डोक्यातली शीर फुटल्ती, बाळा. गणितानं तसं होत न्हाई. कुणाच्या चुकीनंही होत न्हाई.”

मग तिनं तळहातानं पाटी पुसली, फ्रॉकच्या टोकानं पुन्हा पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

“अजून एक घाला,” ती म्हणाली.

मी घातलं. मग अजून एक. शाळा सुटली, पोरं वस्तीकडं पळाली, सरांनी वर्गाला कडी लावली, तरी आम्ही दोघी त्या भिंतीला टेकून बसलो होतो.