खाणीतल्या इंजिनाचा विसावा

अक्कलकोटच्या वाटेवर, रस्ता सोडून आत माळावर गेलं की काळ्या दगडाची एक खाण होती. विजेची तार तिकडं कधी पोचली नाही. खाण जगत होती ती डिझेलच्या एका इंजिनावर, आणि ते इंजिन चालवायचा कुंडलिक. खाणीच्या पोटात, पाण्यापासून पुरुषभर वर, दगडाच्या एका टप्प्यावर ते बसवलं होतं. पंप झऱ्यांचं पाणी उपसून वर फेकायचा, तेव्हा कुठं खालचा दगड उघडा पडायचा आणि गुरम्माची माणसं घण उचलायची. गुरम्मा म्हणजे वडारांच्या पालांमधली थोरली बाई. बोलता बोलता कानडीत शिरायची आणि सगळ्यांना दटावायची.

कुंडलिक उंच, हाडकुळा, कोपरापर्यंत तेलकट. दमल्या बैलाजवळ बसावं तसा तो इंजिनाजवळ बसायचा. खाणीवर सगळेच इंजिनाला 'ती' म्हणायचे.

ते चौऱ्याहत्तर साल. राजस्थानात अणूचा स्फोट झाला होता आणि इकडं डिझेलसाठी सोलापुरात रांगा लागत होत्या. खाणीचा मुकादम रावसाहेब पेपर वाचून आला की खाणीच्या काठावर उभा राहून बोलायचा.

"कुंडलिक, बर्फाच्या मुलखात, जिथं तार जात न्हाय तिथं, अणूवरची भट्टी नेऊन ठेवली होती म्हणं. खोलीएवढी. एकदा भरली की वर्षभर डिझेलचं नाव नको. तसली हितं आली की मग बघ!"

"आन् बंद कशी करत्यात?"

"बंद केली तरी आतनं तापतच ऱ्हाती. पाणी सोडून गार ठेवावी लागती."

"म्हंजे तिला विसावाच न्हाय की."

"लई कळवळा आला रे," खालून गुरम्मा म्हणाली. "सोयरीक जुळवतोस काय तिच्याशी?"

सगळे हसले. कुंडलिक हसला नाही. त्या न विसावणाऱ्या भट्टीची त्याला कीव आली आणि भीतीही वाटली.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, पुजायचं. वडारांनी पहारी, छिन्न्या, घण धुऊन इंजिनापुढं मांडले. इंजिनाला हळदकुंकू लागलं, चाकावर झेंडूची माळ चढली. दुष्काळाच्या सालांत झरे आटलेले होते. दिवसभर पंप बंद ठेवला तरी पाणी वीतभरच चढायचं. पण या वर्षी परतीचा पाऊस दांडगा झाला होता.

रावसाहेब म्हणाला, "आज बंद नको ठेवू बाबा. झरे फुटल्यात."

"वर्साचा एक दिस हाय तिचा," कुंडलिक म्हणाला आणि त्यानं इंजिन थांबवलं. थांबल्यावर गार होणारं इंजिन आपलं आहे, याचा त्याला त्या दिवशी अभिमानच वाटला.

दुपार कलताना एका बाईनं वरून हाक दिली. पाणी टप्प्याच्या कडेला लागलं होतं. कुंडलिक धावत उतरला, हँडल उचललं. गुरम्मा आडवी आली.

"अंगावर हळद हाय तिच्या! आज फिरवलीस तर पोरंबाळं भोगतील आमची."

"सर बाजूला, मावशी. बुडंल ती."

"देव बगून घेतोय की."

कुंडलिकचा हात थांबला. त्यालाही तसंच वाटत होतं. तो तसाच उभा राहिला, पाय भिजेपर्यंत. मग गुरम्माच बाजूला झाली, पण तोवर चाक निम्मं पाण्यात होतं. त्यानं हँडल फिरवलं. चाकानं पाणी उडवलं, झेंडू उडाला, दोन ठोके पडले आणि सगळं गप्प झालं.

दसऱ्याच्या सकाळी खाणीच्या जागी तळं होतं. पाण्यावर तेलाचा तवंग फिरत होता. दुसरं इंजिन मिळालं तरी एवढं पाणी उपसायला लागणारं डिझेल मिळणार नव्हतं. मालकानं खाण सोडली.

"तसली भट्टी असती तर थांबलीच नसती," रावसाहेब हळहळला.

"व्हय," कुंडलिक म्हणाला. "मग थांबवायचं का न्हाय, हे माज्या हातात तरी आलं नसतं."

वडारांनी पालं मोडली, गाढवांवर लादली. कुणी कुंडलिकला बोल लावला नाही. त्याला तेच सोसवेना. तो गुरम्मापुढं गेला.

"मावशी, शिव्या तरी दे."

"तुला दिल्या तर मला कोण देणार?" ती म्हणाली, आणि गाढव हाकत नातेपुत्याच्या दिशेला लागली. तिकडं काम होतं का, ते तिलाही ठाऊक नव्हतं.